परतून येणारा उजेड

हिरडाटोल्याच्या पालवी केंद्रात निवडयादी आली ती शुक्रवारी दुपारी, आणि तिच्यात केंद्रप्रमुख मृणाली रहांगडाले यांच्याच मुलीचं नाव होतं.

गोंदिया जिल्ह्यातून फक्त पाच मुलं घ्यायची होती. नागपूरजवळ नवी जलविज्ञान शाळा सुरू होत होती. तिथं दोन वर्षं राहायचं, तलाव आणि नद्यांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या हाताखाली शिकायचं. पाचांच्या यादीत शर्वी रहांगडाले दुसरी होती. वय तेरा. तिचे वडील हेमराज राईस मिलमधून धावत आले ते पेढ्यांचा डबा घेऊनच. केंद्रातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मृणालीने लेकीला जवळ घेतलं आणि तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात दारात वनिता वलथरे उभी राहिली. वनिता तलावापलीकडच्या ढिवरटोल्यातली. मासेमारी आणि शिंगाडे हे तिथलं काम. ती आणि मृणाली आठवीपर्यंत एका बाकावर बसलेल्या. तिने हातातला कागद पुढे केला. तो तिच्या मुलीचा, भूमेश्वरीचा निकाल होता.

"हे वाचून दाखव मले," ती म्हणाली.

मृणालीने वाचलं, "क्रमांक चारशे बारा. एकाग्रता अपुरी. प्राथमिक स्तर कायम ठेवावा."

"एकाग्रता म्हणजे लक्षच न?"

"हो."

"माही पोरगी चार-चार तास डोंग्यात बसून शिंगाडे काढते. एक काटा बोटात घुसू देत नाही. अन तुह्या मशीनले तिचं लक्ष दिसत नाही?"

"वनिता, यंत्र कोणाची बाजू घेत नाही गं. ते सगळ्यांना सारखं वागवतं. म्हणून तर आणलं ना ते."

वनिताने कागदाची घडी केली, कमरेला खोचली आणि पेढा न घेता निघून गेली.

२०४१ साल होतं. तोवर राज्यातल्या सहा हजार गावांत पालवी केंद्रं उभी राहिली होती. दहा ते अठरा वर्षांच्या मुलांनी शाळा सुटल्यावर तिथं यायचं आणि कपाळाला एक पातळ पट्टी बांधून पडद्यासमोर बसायचं. त्या पट्टीवरच सगळा खेळ होता. पट्टीतून डोळ्यांना न दिसणारा तांबड्यापलीकडचा उजेड कपाळात शिरे. कातडी आणि हाड ओलांडून तो मेंदूच्या वरच्या थरापर्यंत जाई आणि त्यातला थोडासा परत फिरून पट्टीतल्या बारीक डोळ्यांवर पडे. माणूस मन लावून विचार करतो तेव्हा मेंदूच्या त्या भागाकडे ताजं रक्त धावतं. प्राणवायू घेऊन आलेलं रक्त उजेड एका तऱ्हेने गिळतं, प्राणवायू देऊन टाकलेलं रक्त दुसऱ्या तऱ्हेने. परत आलेल्या उजेडातला हा फरक मोजून यंत्र ठरवी की या मुलाचं मन आत्ता धड्यात आहे की भलतीकडेच. मन असलं तर धडा अवघड करी, नसलं तर सोपा. गुरुजींच्या मर्जीचा प्रश्नच नको, जात नको, ओळख नको, असं सरकारने सांगितलं होतं आणि मृणालीने ते मनापासून मानलं होतं. तीन वर्षं तिने शंभर पालकांना हेच समजावलं होतं.

सोमवारी ती कपाटात पट्ट्या लावून ठेवत होती. तिच्या पाठीमागे शर्वी आणि भूमेश्वरी बोलत होत्या.

"मला हे कळतच नाहीये," शर्वी कुरकुरत होती. "थंडी सुरू झाली की तलावातले मासे एकाएकी का मरतात? पाणी तर तेच असतं ना?"

"तेच नसते," भूमेश्वरी म्हणाली. तिने दोन्ही हात एकावर एक धरले. "हा वरचा हात म्हणजे वरचं पाणी. उन्हानं गरम, म्हणून हलकं. हा खालचा म्हणजे तळचं. थंड अन जड. दोघं मिसळत नाहीत. तळाच्या पाण्यात हवा जातच नाही, तिथं सारा कुजका गाळ. मग थंडी पडते. वरचं पाणी गार होते, जड होते अन खाली बसते." तिने हात उलटे केले. "तळचं बिनहवेचं पाणी वर येते. मासोळीले श्वास कुठून भेटंल?"

मृणालीच्या हातातली पट्टी हातातच राहिली. हा नवव्या स्तराचा धडा होता. भूमेश्वरी गेली तीन वर्षं चौथ्या स्तरावर होती.

"भूमी, तुला हा धडा कुणी दिला?"

मुलगी दचकली. "कोणी नाही मॅडम. मी शर्वीच्या मागं बसते. माझे धडे दहा मिनिटांत होतात. मग तेच पुन्हा येतात. मग मी तिच्या पडद्यावरचे वाचते."

"तीन वर्षं?"

"हाव जी."

मृणाली खुर्चीवर बसली. तीन वर्षं ही मुलगी तिच्या नजरेसमोर मान उंचावून पुढच्या पडद्याकडे बघत होती. मृणालीने दोनदा तिला 'स्वतःचं काम कर' म्हणून रागावलंही होतं. त्याहून वाईट गोष्ट तिला आत्ता आठवत होती. पहिल्या वर्षी ढिवरटोल्यातल्या मुलांचे निकाल कमी आले, तेव्हा तिला जराही नवल वाटलं नव्हतं. यंत्राने सांगितलं ते गाव आधीपासून म्हणतच होतं, आणि गावात तीही होतीच.

"पट्टी बिघडली असेल," ती म्हणाली.

"मग बदलून बघू न जी," भूमेश्वरी म्हणाली. "शर्वीची मले, माझी तिले."

त्यांनी बदलून पाहिलं. भूमेश्वरीची पट्टी शर्वीच्या कपाळावर नीट चालली. एकाग्रता चौऱ्याऐंशी. शर्वीची पट्टी भूमेश्वरीच्या कपाळावर गेली आणि आकडा एकतीसवर येऊन थांबला. तेव्हा ती मनात तेराचा पाढा उलटा म्हणत होती.

पट्टी ठीक होती. मृणालीने दुरुस्तीचा पडदा उघडला. तो वर्षातून एकदा, तंत्रज्ञ आला की उघडायचा. तिथं एक साधा आकडा दिसे: परत आलेला उजेड. शर्वीचा बासष्ट. भूमेश्वरीचा अकरा.

"अकरा म्हणजे?" शर्वीने विचारलं.

भूमेश्वरी आपल्या हाताकडे बघत होती. तिने पट्टी कपाळावरून काढली आणि आपल्या तळहातावर दाबून धरली.

पडद्यावर अडुसष्ट आलं.

तिने शर्वीचा तळहात ओढला. सत्तर.

"तळहात दोघींचे सारखे," ती हळूच म्हणाली. "कपाळ नाही. मॅडम, मी काळी आहे म्हणून?"

त्या प्रश्नाचं उत्तर मृणालीने पुढच्या दोन दिवसांत पुस्तकांतून शोधून काढलं आणि ते शब्दशः तसंच होतं. कातडीला रंग देणारं द्रव्य उजेड गिळतं. त्याचं कामच ते, ऊन आत जाऊ न देण्याचं. जितकी कातडी काळी, जितकं तिने ऊन सोसलेलं, तितका पट्टीचा उजेड जाता-येता वाटेतच संपे. तळहातांत हे द्रव्य सगळ्यांच्याच थोडं असतं. भूमेश्वरीच्या मेंदूत रक्त धावत होतं, पण ती बातमी घेऊन परतणारा उजेड इतका क्षीण होता की यंत्राला नुसती खरखर ऐकू येई. आणि खरखर ऐकू आली की यंत्र 'मला दिसत नाही' म्हणत नसे. 'लक्ष नाही' म्हणे. मग सोपा धडा देई. सोप्या धड्याने मूल कंटाळे आणि महिन्याभरात त्याचं लक्ष खरोखरच उडे.

बुधवारी संध्याकाळी तिने हे घरी सांगितलं. यादी पक्की व्हायला एकवीस दिवस होते.

हेमराजने जेवता जेवता हात थांबवला. "म्हणजे तू तक्रार करणार?"

"करावीच लागेल."

"यादी रद्द होईल. आपल्या पोरीची."

"होईल."

"अगं, शर्वीनं काय चोरी केली का? तिनं अभ्यास केला, तिचा नंबर लागला. दुसऱ्या कोणी शोधलं असतं तर गोष्ट वेगळी. तूच कशाला?"

"मीच तीन वर्षं त्या पट्ट्या बांधत होते, म्हणून."

शर्वी ताटावरून उठली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं. दोन दिवस ती आईशी बोलली नाही. मृणालीने तिला समजवायचा प्रयत्न केला नाही. काय समजवणार? नागपूरच्या शाळेचं चित्र शर्वीने कपाटाच्या दारावर चिकटवलं होतं.

शनिवारी सकाळी मृणाली मोजणीला निघाली. तालुक्यातल्या अकरा केंद्रांत जाऊन प्रत्येक मुलाचं कपाळ आणि तळहात, दोन्ही मोजायचं तिने ठरवलं होतं. अंगणात शर्वी सायकल घेऊन उभी होती. डोळे सुजलेले होते.

"मी येते," ती म्हणाली. "आकडे मी लिहीन. पण आई, मला राग आलाय हं तुझा. तो गेलेला नाहीये."

"असू दे."

"आणि भूमीला मागं बसवून माझा नंबर लागला, हे मला नको आहे. दोन्ही खरं आहे."

मृणालीने मान हलवली.

वाटेत त्यांना भूमेश्वरी येऊन मिळाली. तिघींनी बारा दिवसांत तीनशे चाळीस मुलं मोजली. मुलांना यात भलतीच मजा वाटली. पहिल्या केंद्रानंतर मुलंच एकमेकांचे तळहात धरून आकडे ओरडून सांगू लागली. ज्यांच्या कपाळाचा उजेड विसाच्या खाली होता अशी सत्त्याण्णव मुलं निघाली. त्यातलं एकही चौथ्या स्तराच्या वर गेलेलं नव्हतं. एकही नाही. ढिवरटोल्यातली, जंगलाकाठच्या गोंड पाड्यांतली, रस्त्याच्या कामावर आईबापाबरोबर जाणारी. ढिवरटोल्यातल्याच एका गोऱ्या मुलीचा स्तर मात्र आठवा होता.

आणि एक नाव असं होतं, की ते वाचून मृणालीने आकडा पुन्हा मोजायला लावला. हिमानी बिसेन. माजी सरपंच योगराज बिसेन यांची नात, गावातल्या सगळ्यात मोठ्या घरची. आजोबांसारखीच काळीसावळी. कपाळ तेरा, तळहात एकाहत्तर.

योगराजजी ओसरीवर बसले होते. मृणालीने त्यांना वही दाखवली आणि सारं सांगितलं. म्हाताऱ्याने त्या तेरावर बोट ठेवलं.

"दोन वर्षं आम्ही पोरीले नागपूरच्या डॉक्टरकडं नेलं," ते म्हणाले. "गोळ्या देल्या. मशीन म्हणते पोरीचं चित्त थाऱ्यावर नाही, तर नसंलच, असं वाटलं. ती म्हणे, आजोबा, मले सारं समजते. मी म्हटलं, बोलू नको, गोळी घे." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "जिल्ह्याले कधी जायचं आहे?"

"सोमवारी."

"मी येतो. मले बोलायचं नाही काही. पण मी बसलो असलो तर तुम्हाले कोणी बाहेर बसवून ठेवणार नाही."

सोमवारी गोंदियाच्या कार्यालयात त्यांना खरंच कोणी बाहेर बसवून ठेवलं नाही. लांब टेबलाच्या एका बाजूला मृणाली, योगराजजी, भूमेश्वरी आणि वनिता बसले. वनिता मुलीसाठी आली होती. मृणालीशी ती अजून बोलत नव्हती. समोर कार्यक्रमाच्या संचालिका डॉ. सुनेत्रा वाघधरे आणि त्यांच्या शेजारी यंत्राची रचना करणारे अभियंते सेल्वम. ते योगायोगाने त्या आठवड्यात नव्या पट्ट्या घेऊन बंगळुरूहून आले होते. सावळे नव्हे, चांगले काळेभोर, हसतमुख गृहस्थ.

संचालिकाबाईंनी वही चाळली. "तुमचे कष्ट दिसतात, रहांगडालेबाई. पण ही पट्टी नऊ हजार मुलांवर तपासलेली आहे. घरगुती मोजणीवरून पूर्ण जिल्ह्याची यादी थांबवता येत नाही."

"त्या नऊ हजारांचे कपाळ अन तळहात, दोन्ही मोजले होते का जी?" भूमेश्वरीने विचारलं.

बाईंनी सेल्वमकडे पाहिलं. सेल्वम किंचित अडखळले. "तळहात कशाला मोजणार? आणि ती मुलं... चार शहरांतल्या शाळांमधली होती. पण मी स्वतः प्रयोगशाळेत पट्टी लावलेली आहे. माझा सिग्नल उत्तम येतो."

"मग आता लावा न," भूमेश्वरी म्हणाली आणि आपल्या पिशवीतून पट्टी काढून टेबलावर ठेवली.

सेल्वम हसले. त्यांनी पट्टी बांधली. मृणालीने पडदा त्यांच्याकडे फिरवला आणि बाराव्या स्तराचा एक गणिताचा प्रश्न दिला. सेल्वमनी कपाळाला आठ्या घालून, ओठ हलवत, दीड मिनिटात उत्तर काढलं आणि बरोबर काढलं. पडद्यावर अक्षरं उमटली: 'मन लागत नाही. चौथ्या स्तराचा धडा द्यावा.'

योगराजजींना खोकल्याचं निमित्त करून हसू दाबावं लागलं. वनिता मात्र मोकळेपणाने हसली.

सेल्वमही हसायला लागले, पण ते हसू अर्ध्यावरच विरलं. त्यांनी पट्टी काढून हातात घेतली. "प्रयोगशाळेत आम्ही प्रत्येक माणसासाठी उजेड कमीजास्त करतो," ते हळूहळू म्हणाले. "गावाकडची पट्टी बनवताना मी उजेड एकाच मापाला बांधला. वीज नसली तरी पट्टी आठवडाभर चालावी म्हणून. गावातल्या मुलांसाठीच केलं होतं ते. आणि क्षीण सिग्नलला काय म्हणायचं, तर 'लक्ष नाही' म्हणू, असं एका दुपारी मीच लिहून टाकलं. एक ओळ आहे ती." ते भूमेश्वरीकडे वळले. "तू किती वर्षं चौथ्या स्तरावर आहेस?"

"तीन."

त्यांनी मान खाली घातली. "माफ कर मला."

डॉ. वाघधरेंनी वही मिटून यादी पुढे ओढली. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांच्या टेबलावरून रोज पन्नास तक्रारी जात आणि त्यांतल्या बहुतेक खोट्या निघत. त्यांनी पेनाचं टोपण काढून यादीच्या डोक्यावर लिहिलं: स्थगित. फेरनिवड करावी. खाली सही केली. मग मृणालीला विचारलं, "दुसऱ्या क्रमांकावर रहांगडाले आडनाव आहे. तुमच्या नात्यातली?"

"माझी मुलगी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. टेबलाच्या त्या टोकाला बसलेल्या वनिताने पहिल्यांदाच मान वळवून मृणालीकडे पाहिलं.

बाहेर जिन्यात वनिता तिच्या शेजारून उतरू लागली. "सांगतलं नाहीस," ती म्हणाली.

"काय सांगू? वनिता, तीन वर्षं मी तुझ्या पोरीवर नाही, मशीनवर विश्वास ठेवला. यंत्राचं चुकलं ते उजेडामुळे. माझं कशामुळे चुकलं?"

वनिता चार पायऱ्या उतरली. "चूक होती," ती मग म्हणाली. "मोठी होती. पण तू सायकलवर अकरा गावं फिरलीस. चल, भूक लागली. इथं कचोरी चांगली भेटते."

सेल्वम परत गेलेच नाहीत. हिरडाटोल्याच्या केंद्रात ठाण मांडून त्यांनी आठ दिवसांत नवी आज्ञावली लिहिली. आता पट्टी आधी कपाळ पारखे आणि हवा तितकाच उजेड वाढवी. ज्याच्यावर उजेड पुरता पोचणारच नाही, तिथं ती स्पष्ट सांगे: 'मला दिसत नाही. मुलाच्या उत्तरांवरून ठरवा.' दर तिमाहीला कुठल्या मुलाला कुठला स्तर मिळाला याचा तक्ता केंद्राच्या भिंतीवर लावायचा आणि ग्रामसभेने तो तपासायचा, ही सूचना योगराज बिसेनांची. तीही मंजूर झाली. आदेश निघाला तेव्हा राज्यभरात एकसष्ट हजार मुलांचे अडवलेले स्तर एका दिवसात खुले झाले.

हिरडाटोल्यात त्या दिवशी जे झालं ते बघण्यासारखं होतं. बंधारा फुटावा तशी मुलं धावली. भूमेश्वरीने पहिल्या दुपारी दोन स्तर ओलांडले, सहा आठवड्यांत नऊ. हिमानीने गोळ्यांची बाटली रिकामी करून खिडकीत ठेवली आणि त्यात मनीप्लांट लावला. केंद्र सुटायची वेळ झाली तरी मुलं उठेनात. मृणालीला दिवे मालवायची धमकी द्यावी लागे.

मे महिन्यात फेरनिवड झाली. यावेळी लेखी, तोंडी आणि तलावावरचं प्रत्यक्ष काम, तिन्ही होतं. निकाल तालुक्याच्या सभागृहात वाचला गेला. पहिलं नाव सालेकशाकडच्या एका मुलाचं. दुसरं, "भूमेश्वरी मंगल वलथरे, हिरडाटोला."

मागच्या रांगांतून ढिवरटोला उठून उभा राहिला. अख्खा. बायांनी शिट्ट्या मारल्या, कोणीतरी खुर्चीवर चढलं. वनिता मात्र बसूनच राहिली. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. चौथं नाव एका गोंड मुलीचं निघालं. तिच्या पाड्यावरून आजवर कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. पाच नावं संपली. शर्वी सातवी होती.

मृणालीने लेकीकडे पाहायचं धाडस केलं. शर्वीने खालचा ओठ घट्ट चावला होता. मग तिने दोन बोटं तोंडात घातली आणि ढिवरटोल्यातल्या सगळ्या बायांपेक्षा मोठी शिट्टी मारली. हेमराज बाजूला बसला होता. त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग तोच हात पुढे करून मृणालीचा खांदा दाबला.

"पुढच्या वर्षी," शर्वी म्हणाली. "खरा नंबर."

जूनमध्ये भूमेश्वरी नागपूरला गेली. त्यानंतरच्या सोमवारी मृणालीने केंद्राचं दार उघडलं तर पायरीवर वनिता बसलेली. केस चापूनचोपून बांधलेले, अंगावर लग्नाकार्याचं लुगडं.

"मोठ्या बायांले बसू देतेत का इथं?"

"नियम अठरा वर्षांपर्यंतचा आहे," मृणाली म्हणाली आणि स्वतःच्याच शब्दांवर थांबली. तिने आत जाऊन नोंदणीचा कागद आणला. वयाच्या रकान्यात छत्तीस लिहिलं आणि खाली आपली सही ठोकली. "बघू कोण अडवतं ते. पण आजवर कधी बोलली नाहीस, शिकायचं म्हणून?"

"आठवीत मास्तरनं माह्या बापाले सांगतलं होतं, पोरीचं डोकं चालत नाही, न्या घरी. मले बी ते खरंच वाटलं. पट्टी नव्हती तेव्हा, तरी." तिने पडद्यासमोर खुर्ची ओढली आणि कपाळ पुढे केलं. "लाव."

मृणालीने पट्टी बांधली. यंत्राने कपाळ पारखलं, उजेड वाढवला आणि पहिला धडा सुरू केला. मृणाली मुलांकडे वळली. कोणाची पट्टी सैल झाली होती, कोणाला प्रश्न विचारायचा होता. पाऊण तास झाला असेल, तोच मागून टेबलावर थाप पडली.

"अवो मॅडम," वनिता ओरडली, "इकडं बघा जरा. हे तीन तर झाले माहे. पुढचा द्या!"